मायक्रोकंट्रोलरद्वारे अ‍ॅनालॉग व्हिडिओची निर्मिती व अंकीकरण

अल्प किमतीच्या मायक्रोकंट्रोलरच्या साहाय्याने दूरचित्रवाणी संचाला समजेल असा अ‍ॅनालॉग व्हिडिओ संकेत तयार करणे, तसेच कॅमेऱ्याकडून येणाऱ्या अशा संकेताचे अंकीय माहितीत रूपांतर करणे, हा हौशी इलेक्ट्रॉनिक्समधील एक प्रयोगप्रकार आहे. या दोन क्रिया परस्परांच्या उलट असल्या, तरी दुसरी पहिलीपेक्षा पुष्कळ अवघड आहे. पुढील विवेचनात अ‍ॅटमेगा३२८पी ही चिप असलेला आर्डुइनो उनो आणि भारतात अ‍ॅनालॉग दूरचित्रवाणीसाठी वापरली गेलेली पाल पद्धत उदाहरणादाखल घेतली आहे.

संकेताचे स्वरूप

पाल पद्धतीत एक चित्र ६२५ आडव्या रेषांचे असून सेकंदाला २५ चित्रे दाखविली जातात. त्यामुळे प्रत्येक रेषेच्या वाट्याला ६४ मायक्रोसेकंद येतात. रेषेच्या आरंभी ४.७ मायक्रोसेकंदांचा समकालन स्पंद असतो. प्रत्यक्ष चित्र सुमारे ५२ मायक्रोसेकंद टिकते. ७५ ओहमच्या भारावर समकालन स्पंद ० व्होल्ट, काळा रंग ०.३ व्होल्ट आणि पांढरा रंग १ व्होल्ट असतो.

निर्मिती

उनोची चिप १६ मेगाहर्ट्झ वेगाने चालते. म्हणजे एका रेषेसाठी तिला १,०२४ चक्रे मिळतात. समकालनाच्या पिनला १,००० ओहमचा व चित्राच्या पिनला ४७० ओहमचा रोधक जोडून दोन्हींची दुसरी टोके एकत्र केली जातात. दोन्ही पिना शून्यावर असता समकालन स्पंद, केवळ पहिली ५ व्होल्टवर असता काळा आणि दोन्ही ५ व्होल्टवर असता जवळजवळ पांढरा रंग मिळतो. वेळेत एका चक्राचाही फरक पडल्यास उभ्या कडा थरथरतात. म्हणून समकालन स्पंद टायमरकडे सोपविला जातो.

टीव्हीआउट या प्रणालीतील १२८ × ९६ बिंदूंच्या कृष्णधवल चित्राला १,५३६ बाइट लागतात. चिपची स्मृती २,०४८ बाइट असल्याने उर्वरित कार्यक्रमासाठी केवळ ५१२ बाइट उरतात. पालमधील रंगवाहक लहरीची वारंवारता ४.४३ मेगाहर्ट्झ असल्याने तिच्या एका आवर्तनात चिपची चार चक्रेही पूर्ण होत नाहीत. त्यामुळे रंगीत चित्र या मांडणीत साधणे कठीण असते.

अंकीकरण

या चिपमधील अ‍ॅनालॉग-अंकीय रूपांतरक पूर्ण अचूकतेने सेकंदाला सुमारे १५,००० नमुने घेतो. पालमध्ये सेकंदाला १५,६२५ रेषा येतात. म्हणजे रेषेमागे एक नमुनाही मिळत नाही. व्यावसायिक अंकीकरणात मात्र प्रकाशमानतेचे सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने घेतले जातात. रास्पबेरी पाय पिकोचा रूपांतरक सेकंदाला ५ लाख नमुने घेत असला, तरी रेषेमागे ३२ नमुनेच पडतात.

यावर दोन उपाय आहेत. पहिल्यात एलएम१८८१ ही चिप समकालन स्पंद वेगळा काढते आणि मायक्रोकंट्रोलरमधील तुलनित्र प्रत्येक बिंदू काळा की पांढरा एवढेच ठरविते. दुसऱ्यात प्रत्येक चित्राच्या वेळी नमुन्याची जागा थोडी पुढे सरकवून अनेक चित्रांतून एक चित्र जुळविले जाते. हा उपाय केवळ स्थिर दृश्यांना लागू पडतो. हलती वस्तू विस्कटलेली दिसते. चलच्चित्रासाठी व्हिडिओ डिकोडरची स्वतंत्र चिप वापरावी लागते.