तकली आठवली, भिंत विसरली

वर्धा शिक्षण योजना म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तकली येते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि त्या वर्षअखेर तिचा अहवालही आला. तेव्हापासून या योजनेची बाजू घेणारे आणि तिला विरोध करणारे, दोघेही सुताभोवतीच वाद घालत राहिले. त्याच काळात वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर शिक्षणाचे दुसरे एक साधन मातीतून उभे राहिले होते. ते म्हणजे घर.

गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले. निवास आसपासच्या साहित्यातून आणि गावच्या कारागिरांच्या हातून व्हावा, खर्च शंभर रुपयांच्या आत असावा, अशी त्यांची अट होती. त्यातून आदी निवास उभा राहिला. मीराबेनसाठी बांधलेली झोपडी पुढे बापू कुटी झाली. माती, बांबू, लाकूड आणि वर कवेलू, एवढाच तिचा पसारा. आतल्या भिंतीवर मीराबेनने मातीतच ताडाची झाडे आणि चरखा उठावात घडवला.

शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर या कुटीत अनेक धडे आहेत. छपराचा उतार मोजला की कोन आणि प्रमाण येते. वळचण एवढी पुढे का काढली, हे विचारले की वऱ्हाडी ऊन आणि तिरपा पाऊस समजतो. विटांऐवजी माती का, या प्रश्नातून जमीन, मजुरी आणि गावाची अर्थव्यवस्था उलगडते.

तरीही समितीने सुचवलेल्या मूलोद्योगांत कताई-विणकाम, सुतारकाम, शेती, फळे-भाजीपाला आणि चामड्याचे काम होते, घरबांधणी नव्हती. स्थानिक परिस्थितीला अनुकूल असा अन्य कोणताही उद्योग घेण्याची मुभा मात्र होती. ती मुभा बांधकामासाठी फारशी वापरली गेलेली दिसत नाही. माझ्या मते याचे कारण हिशेबात आहे. सुताच्या लडी मोजता येतात, विकता येतात. मुलाने लिंपलेली भिंत बाजारात नेता येत नाही. उत्पन्नाच्या बाजूवर भर देताना शिक्षणाचा मूळ हेतू हरवू नये, असा इशारा खुद्द अहवालानेच दिला होता.

सेवाग्रामात वेगळी वाट दाखवणारी माणसे होती. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ साली तिथे कलाशिक्षक म्हणून आले. कला ही शिक्षणाची सजावट नसून पाया आहे, हा विचार त्यांनी पुढे ग्रंथरूपाने मांडला. जानेवारी १९७८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच या कुटीत बसून गेले. सामानसुमान ठेवायची जागा आणि माणसाचे घर यांतला फरक त्यांना तिथे जाणवला. शाळेवर कठोर टीका करणाऱ्या या माणसाला एका झोपडीने शिकवले, ही नोंद आपल्या शिक्षकांनी घ्यावी अशी आहे.

आज प्रश्न निकडीचा आहे. गावोगावी स्लॅब आले, कवेलू फेरणारे हात कमी झाले. मातीचे घर मात्र दरवर्षी हात मागते: पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणे, पोपडे काढून लिंपणे, जमीन सारवणे. हे कोणाला येतच नसेल तर स्मारक म्हणून जपलेली कुटीही उद्या परक्या कारागिरांवर अवलंबून राहील.

सेवाग्रामात २००५ पासून पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेत शेती, सूतकताई, स्वयंपाक हे शिक्षणाचे भाग आहेत. जिल्ह्यातील इतर शाळांनाही फार खर्च न करता आरंभ करता येईल. गावातले एक जुने घर निवडावे. मुलांनी दोरीने ते मोजावे, ओळंब्याने भिंत तपासावी, घरातल्या आजीला विचारून मातीत काय काय मिसळत होते ते लिहून घ्यावे. मग शाळेच्या आवारात कमरेएवढ्या दोन भिंती घालाव्यात: एक लिंपलेली, एक तशीच. आषाढानंतर दोन्ही पुन्हा मोजाव्यात. कोणती किती झिजली, हे मुलेच सांगतील आणि का झिजली, हेही त्यांनाच शोधू द्यावे.