तबकडीवरील तुकडेजोड

माळव्यातील देवास संस्थानाची हकीगत मोठी चमत्कारिक आहे. १७२८ साली मराठी फौजांबरोबर आलेल्या तुकोजी व जिवाजी पवार या बंधूंच्या घराण्यांत पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी वाटणी झाली. राजधानी एकच, दरबार मात्र दोन! मुलूखही परस्परांत असा गुंतलेला, की एका पातीच्या कारभाऱ्यास आपल्याच गावांचा फेरा करताना वाटेत दुसऱ्या पातीची हद्द लागावी. १९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या, तेव्हा हा गुंता सुटला.

संगणकाच्या चुंबकीय तबकडीवर असाच गुंता नित्य होत असतो. १९५६ साली आयबीएम कंपनीने अशा ५० तबकड्यांचे पहिले यंत्र आणले. त्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. जुना मजकूर पुसला की मध्ये मोकळी जागा पडते. नवा मजकूर त्या जागेहून मोठा असला, की त्याचे तुकडे करून मिळेल तेथे ठेवावे लागतात. कोणता तुकडा कोठे आहे याची नोंद सूचीत असते, म्हणून हरवत काहीच नाही. परंतु वाचणाऱ्या भुजेला प्रत्येक तुकड्यापाशी जावे लागते. मिनिटास ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीलाही एका फेऱ्यास सेकंदाचा १२० वा भाग लागतो. तेवढ्या अवधीत गणकाची लक्षावधी कामे उरकली असती.

यावरचा उपाय म्हणजे विखुरलेले तुकडे उचलून सलग मांडणे. मुंबई राज्याच्या १९४७ च्या शेतजमिनीविषयक कायद्यामुळे रूढ झालेला ‘तुकडेजोड’ हा शब्द येथे नेमका बसतो. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही सोय अंतर्भूत केली. पुढे विंडोजच्या पडद्यावर रंगीत चौकोन सरकताना पाहत लोक तासन्‌तास बसत. ती निव्वळ करमणूक नव्हे. मजकूर हलत असताना वीज गेली, तर वर्षांचे हिशेब बिघडण्याची धास्ती असे. म्हणून शहाणा मनुष्य आधी दुसरी प्रत काढून ठेवी.

फिरती तबकडीच नसलेले अर्धवाहक साठे आले आणि भुजेची पायपीट संपली. त्यांत तुकडे दूर असल्याने फारसे बिघडत नाही; उलट पुनःपुन्हा लिहिल्याने त्यांतील पेशी झिजतात. २००९ च्या विंडोज ७ ने अशा साठ्यांवरील नेमाची तुकडेजोड बंद ठेवली. फिरत्या तबकड्यांना मात्र ती आजही लागते.