तळटीप ७ : ‘रँग्लर’
७. रँग्लर : केंब्रिजच्या ‘ट्रायपॉस’ या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणारा. १९०९ पर्यंत निकाल गुणानुक्रमे लागे. पहिला येई तो सीनियर रँग्लर. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे र. पु. परांजपे (जन्म १८७६) १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले (त्या वर्षी हा मान दोघांत वाटला गेला) आणि मराठीत हा शब्द त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. कथेत मेंदूवरच्या शस्त्रक्रियेनंतर गावकरी बापूला ‘रँग्लर’ म्हणतात, ते निव्वळ कौतुक समजू नये. ट्रायपॉसमध्ये बुद्धीइतकीच झपाट्याची कसोटी लागे, आणि त्यासाठी खासगी शिकवण्यांतून कसून तालीम घेतली जाई. पुढे पदार्थविज्ञानात युग घडवणारे केल्व्हिन (१८४५) व मॅक्सवेल (१८५४) दोघेही दुसरेच आले होते. बापूचाही नेमका वेगच वाढला आहे. परांजप्यांची बुद्धी स्वतःची, बापूची उसनी, तेव्हा तुलनाच गैरलागू, असा आक्षेप कोणी घेईल. पण तालीमही बाहेरूनच मिळते. शिवाय लेखक इथे दोघांना नव्हे, मोजण्याच्या दोन पट्ट्यांना शेजारी ठेवतो आहे. कथा भविष्यकाळातली असली तरी टोपणनाव जुन्या अर्थानेच वाचावे. १९१० पासून रँग्लरांचे क्रमांक जाहीर होत नाहीत.