बटाटा त्यांचा, बटाटा आपला

१९८४ साली माझा थोरला भाऊ कुवेतला गेला. तिथल्या एका मोठ्या भटारखान्यात त्याला भांडी घासायचं आणि भाज्या चिरायचं काम मिळालं. मुख्य आचारी लेबनॉनचा होता. पहिल्याच दिवशी त्याने कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट केलं आणि हुकूम सोडला, ‘बताता!’ भाईजानला अरबी येत होती ती नमाजेपुरती. पण हा शब्द त्याला कुणी समजावून सांगावा लागला नाही. महिन्याने घरी पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, ‘इथे मला कळलेला पहिला अरबी शब्द म्हणजे बटाटा. अम्मीला सांगा, परक्या मुलखात आल्यासारखं वाटत नाही.’

मी तेव्हा शाळेत होतो. अरबांचा बटाटा आणि आपला बटाटा एकच कसा, हा प्रश्न डोक्यात राहून गेला. पुढे कळलं, की शब्द दोघांचाही नाही. कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा तो शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ रताळं. स्पॅनिश लोकांनी तो उचलला, रताळ्याचं नाव बटाट्यालाही चिकटलं आणि पोर्तुगिजांच्या तोंडून ते आपल्या किनाऱ्यावर उतरलं. उत्तर हिंदुस्थान ‘आलू’ म्हणतो. आपण मराठी माणसं, आपले गुजराती शेजारी आणि दूर भूमध्य समुद्राकाठचे लेबनॉनी मात्र त्याच जुन्या नावाने त्याला हाक मारतो.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. पेरू आणि बोलिव्हियाच्या उंच पठारांवर तो हजारो वर्षांपासून पिकतो. सोळाव्या शतकात तो स्पेनमध्ये आला आणि लेबनॉनच्या डोंगरात रुजायला एकोणिसावं शतक उजाडलं. म्हणजे ज्याला आज आपण ‘पारंपरिक’ लेबनॉनी मटण-बटाटा म्हणतो, त्यातला मटणाचा भाग प्राचीन आणि बटाट्याचा भाग अगदी अलीकडचा. १२२६ साली बगदादमध्ये अल-बगदादी नावाच्या गृहस्थाने पाककृतींचा ग्रंथ लिहिला. त्यात मांसाचे नाना प्रकार आहेत. बटाटा नाही, टोमॅटो नाही, मिरचीही नाही. कशी असणार? कोलंबसाचं जहाज निघायला अजून अडीचशेहून अधिक वर्षं होती.

मग बटाटा येण्याआधी डोंगरातला लेबनॉनी माणूस खात काय होता? गहू उकडून, वाळवून, भरडून केलेला बुरगुल. मसूर, हरभरे, दही, ऑलिव्हचं तेल. मांस सणावाराला किंवा फार तर रविवारी. त्याचा सगळ्यात मानाचा पदार्थ म्हणजे किब्बे. बिनचरबीचं मटण दगडी उखळीत लाकडी मुसळाने कुटायचं, त्यात भिजवलेला बारीक बुरगुल आणि कांदा घालून पुन्हा कुटायचं. सणाच्या सकाळी घराघरांतून हा कुटण्याचा आवाज यायचा. आमच्या कोकणात पोहे कांडण्याचा यायचा तसाच.

हिवाळ्याची बेगमी वेगळी. घरोघरी एक जाड शेपटीचं मेंढरू पाळलेलं असे. बायका त्याला हाताने तुतीचा पाला भरवून लठ्ठ करीत. हिवाळ्याच्या तोंडाशी ते कापायचं, मांसाचे तुकडे त्याच्याच शेपटीच्या चरबीत मीठ घालून परतायचे आणि मातीच्या बरण्यांत भरून ठेवायचे. याला म्हणतात ‘कवर्मा’. थंडीत चमचा-दोन चमचे काढून अंड्यात किंवा बुरगुलात घालायचे. शब्द मूळ तुर्की. आपल्याकडचा कुर्मा त्याचाच भाऊबंद. ‘कफ्ता’ म्हणजे आपला कोफ्ता, फारसीत त्याचा अर्थ कुटलेलं. ‘यख्ने’ म्हणजे आमच्या घरातली यखनी. भाईजानच्या वहीत हे शब्द मी वाचले, तेव्हा आमच्या चुलीजवळचीच मंडळी वेगळे कपडे घालून भेटल्यासारखी वाटली.

आता त्या तुतीच्या पाल्याकडे पुन्हा वळू या, कारण तिथे एक मोठं दुःख दडलेलं आहे. तुती काही मेंढरांसाठी लावलेली नव्हती. ती होती रेशमाच्या किड्यांसाठी. एकोणिसाव्या शतकात माउंट लेबनॉनच्या डोंगरावर रेशमाचं पीक बोकाळलं. सूत फ्रान्सला जाई, पैसा येई. त्या पैशातून धान्य बाहेरून, बेका खोऱ्यातून आणि हौरानच्या पठारावरून विकत आणायचं. जोवर वाट मोकळी होती तोवर हे चाललं. मग पहिलं महायुद्ध आलं. समुद्राकडून दोस्त राष्ट्रांच्या आरमाराने नाकेबंदी केली. जमिनीवर उस्मानी फौजेने धान्य आणि जनावरं ताब्यात घेतली. साठेबाजांनी कोठारं बंद केली आणि १९१५ च्या वसंतात टोळधाड उतरली. १९१५ ते १९१८ या काळात त्या डोंगरातली साधारण एक तृतीयांश माणसं भूक आणि रोगराईने गेली, असा अंदाज आहे. खलील जिब्रान आपल्याला अनुवादांतून ओळखीचा आहे. तो याच डोंगरातल्या बशर्रीचा. तेव्हा अमेरिकेत राहून तो मदत समितीचा चिटणीस म्हणून धडपडत होता.

ज्या समाजाने असा दुष्काळ पाहिला, तिथे जमिनीखाली वाढणाऱ्या, पोटभर होणाऱ्या बटाट्याची किंमत वेगळी सांगायला नको. १९२० मध्ये फ्रेंचांनी ‘बृहत् लेबनॉन’ घोषित केला, तेव्हा बेका खोरंही त्यात आलं. आज लेबनॉनचा बटाटा मुख्यतः बेकात आणि उत्तरेकडच्या अक्कारच्या मैदानात पिकतो.

आता चुलीकडे जाऊ. लेबनॉनी घरातला मटण-बटाटा मुख्यतः दोन तऱ्हांचा. पहिला परातीतला कफ्ता. अर्धा किलो खिमा, एक कांदा आणि दोन मुठी पार्सली बारीक चिरून मळायची. पार्सली न मिळाल्यास आपली कोथिंबीर घ्यावी, चव बदलेल पण बिघडणार नाही. मीठ आणि चमचाभर ‘सात मसाले’. यात प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. पण मिरी, दालचिनी, लवंग, जायफळ, धणे, सुंठ आणि ऑलस्पाईस ही नेहमीची मंडळी. हे ऑलस्पाईसही बटाट्यासारखंच अमेरिका खंडाकडून आलेलं. खिम्याच्या चपट्या टिकिया कराव्या. चार बटाट्यांच्या अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या थोड्या तळून घ्याव्या. परातीत टिकिया, बटाटा आणि टोमॅटोच्या चकत्या आळीपाळीने लावून वरून टोमॅटोचा पातळ रस ओतावा आणि २०० अंशांवर पाऊण तास भट्टीत ठेवावं.

भाईजानच्या वहीत इथे खाली दोन रेघा मारलेल्या आहेत: ‘बटाटा आधी तळणे. विसरू नये.’ यामागे कारण आहे. टोमॅटोच्या आंबटपणात कच्चा बटाटा लवकर मऊ होत नाही, मटण शिजून गेलं तरी तो मधे करकरीत राहतो. म्हणून आधी तळायचा. तळल्याने कडा धरून राहतात आणि रसात तो विरघळतही नाही.

दुसरी तऱ्हा रश्श्याची, ‘यख्नेत बताता’. मटणाचे तुकडे कांद्यावर परतून पाणी घालून मऊ शिजवायचे. मग तळलेल्या बटाट्याच्या फोडी आणि टोमॅटो. शेवटी ठेचलेला लसूण आणि कोथिंबीर तेलात परतून चर्रकन वरून ओतायची. त्याला ते ‘तक्लिये’ म्हणतात, आपण फोडणी म्हणतो. फरक इतकाच, की आपण बहुतेक वेळा फोडणीने सुरुवात करतो आणि ते शेवट करतात. सोबत शेवया परतून घातलेला भात.

लेबनॉनच्या गावांत पूर्वी घरोघरी भट्टी नव्हती. बाया घरी परात लावायच्या आणि पोराच्या हाती गल्लीतल्या ‘फुर्न’वर, म्हणजे पावाच्या भट्टीवर पाठवायच्या. मला यात काही परकं वाटलं नाही. ईदेआधी नानकटाईचे पत्रे डोक्यावर घेऊन मी बेकरीच्या रांगेत उभा राहिलो आहे. पुढे दिवाळीच्या नानकटाईवाली पोरं असायची, तीही याच रांगेत.

आणखी एक गंमत आहे. लेबनॉनमधले ख्रिस्ती ईस्टरपूर्वीच्या उपवासात मांस वर्ज्य करतात. मग किब्बेचं काय? तर उकडलेला बटाटा कुस्करून, बुरगुल, कांदा, पुदिना घालून बटाट्याचं किब्बे करायचं. परातीत थापून वर शंकरपाळ्यासारख्या रेघा ओढायच्या आणि ऑलिव्हचं तेल सोडायचं. मांसाशिवायच्या एका किब्बेला ते ‘किब्बेत हीले’ म्हणतात. हीला म्हणजे युक्ती, बहाणा. उर्दू जाणणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. इकडे आपल्याकडेही बटाटा उपवासाला चालतो. मला वाटतं, परक्या मुलखातून आलेल्या या पाहुण्याबद्दल जुन्या नियमांत काही लिहिलेलंच नव्हतं, म्हणून दोन्हीकडे त्याला उपवासाच्या ताटात बसायला जागा मिळाली.

किब्बे, कफ्ता, यख्ने हे सगळं तिथले ख्रिस्ती, सुन्नी, शिया आणि द्रुझ एकसारखंच जेवतात. तरीही १९७५ मध्ये त्या देशात यादवी पेटली आणि पंधरा वर्षं धुमसत राहिली. त्या काळातली एक गोष्ट लेबनॉनमध्ये पुष्कळांच्या तोंडी आहे. नाक्यावरचे बंदूकधारी वाटसरूला टोमॅटो दाखवत आणि विचारत, हे काय? लेबनॉनी माणूस म्हणे ‘बनदूरा’, पॅलेस्टिनी निर्वासित म्हणे ‘बंदोरा’. एका स्वराचा फरक. त्यावरून माणूस पुढे जाणार, की तिथेच राहणार, हे ठरायचं. मी शब्दांवर जगणारा माणूस आहे. ही गोष्ट ऐकल्यापासून टोमॅटो चिरताना कधी कधी माझा हात थांबतो. ज्या रश्श्यात सगळ्यांचा बटाटा एकत्र शिजतो, त्यातल्याच एका जिनसाच्या नावावर जीव जावा?

लेबनॉनी माणसं देश सोडून जाणं मात्र यादवीच्याही फार आधीचं. १८८० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत डोंगरातली सुमारे एक तृतीयांश माणसं बाहेर पडली. बरीचशी ब्राझील, अर्जेंटिना अशा देशांत गेली. आज ब्राझीलच्या नाक्यानाक्यावर ‘किबे’ मिळतं, आपल्याकडे वडा मिळतो तसं. दक्षिण अमेरिकेने लेबनॉनला बटाटा दिला, लेबनॉनने दक्षिण अमेरिकेला किब्बे दिलं. दोघांच्या हिशेबात कुणाचं देणं राहिलेलं नाही.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं. लाखाहून अधिक भारतीयांसारखा भाईजानही वाळवंट ओलांडून अम्मानला आला आणि तिथून विमानाने घरी. पगाराचे पैसे बुडाले होते. पिशवीत दोन कपडे आणि ही वही होती. तो लेबनॉनी आचारी कुठल्या वाटेने गेला, ते त्याला कळलं नाही. त्याच वर्षी लेबनॉनमधली यादवी थांबली, एवढं आम्ही पेपरात वाचलं.

अम्मीने ती वही ऐकून घेतली आणि म्हणाली, ‘यात नवीन काय आहे? गोश्त कमी आणि माणसं जास्त असली की बटाटा टाकायचा, हे मला कुवेतला न जाताच ठाऊक आहे.’ तिचं खरं होतं. आमच्या घरात अर्धा किलो मटण आणि नऊ माणसं असायची. रस्सा वाढताना बोट्या आमच्या ताटात पडायच्या आणि तिच्या ताटात बटाटा. ‘मला बटाटाच आवडतो,’ असं ती म्हणायची. ते खरं नव्हतं, हे मला स्वतःला मुलं झाल्यावर समजलं.

२०१९ च्या अखेरीस लेबनॉनचं चलन घसरू लागलं आणि पुढच्या काही वर्षांत त्याची नव्वद टक्क्यांहून अधिक किंमत गेली. जून २०२० मध्ये लेबनॉनच्या सैन्याने जवानांच्या जेवणातून मांस काढून टाकलं. जिथे शिपायाच्या ताटात बोटी नाही, तिथे सामान्य घरातल्या परातीत काय उरलं असेल, याचा अंदाज अम्मीसारख्या कुठल्याही बाईला करता येईल. आणि ४ ऑगस्ट २०२० ला बैरूत बंदरात स्फोट झाला. दोनशेहून अधिक माणसं गेली. बंदरावरची धान्याची उंच कोठारं फुटली आणि गहू ढिगाऱ्यात सांडला. शंभर वर्षांपूर्वीचा दुष्काळ तिथल्या लोकांना आठवला नसेल तरच नवल.

त्या संध्याकाळी भाईजान दूरदर्शन संचासमोर बसून होता. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने अर्धा किलो खिमा आणि दोन किलो बटाटे आणायला सांगितले. अम्मी आता नाही, पण तिचं पातेलं आहे. आमच्याकडे भट्टी नाही, म्हणून पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून त्याने परातीतला कफ्ता लावला. बटाटा आधी तळला. जेवायला वाढताना त्याने टिकिया उचलून नातवंडांच्या ताटात टाकल्या, आपल्या ताटात बटाटे घेतले. धाकट्या नातीने विचारलं, ‘दादा, तुम्हाला नको?’

‘मला बटाटाच आवडतो,’ तो म्हणाला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)