वऱ्हाडांतील सुटता सांधा

उन्हाळा आला म्हणजे अमरावती व अकोला या भागांत घरांतल्या बाजा अंगणांत येत, आणि मृगाचा पाऊस पडला कीं त्या पुन्हा आंत जात. दार अरुंद असलें तर बाज आडवी करून काढीत. जिना अडचणीचा असला तर नवार सोडून, पाय व दांडे वेगळे करून, ती माडीवर नव्यानें जुळवीत. या साध्या घरगुती कामांत सुतारकीचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. दोन लांकडें एकमेकांस घट्ट धरतील असें करणें ही एक कला. वेळ येतांच तीं न दुखवितां मोकळीं करतां यावीं ही तिच्याहून अवघड अशी दुसरी कला. आज ज्यास मॉड्युलर फर्निचर म्हणतात, म्हणजे सुट्या भागांत घरीं येणारें, तेथें जुळविलें जाणारें व बदली झाल्यास पुन्हा सोडून नेतां येणारें सामान, त्याचें सारें शास्त्र या दुसऱ्या कलेवर उभें आहे. वऱ्हाडास ती कला नवी नव्हती.

बाजेचे अवयव आठच: चार पाय आणि चार दांडे. प्रत्येक पायांत काटकोनांत दोन खोबणी कोरलेल्या असतात व दांड्याच्या प्रत्येक टोकास कुसूं काढलेलें असतें. दोन्ही खोबणी एकाच पातळीवर आल्या तर पाय मधोमध पोकळ होऊन तेथेंच मोडावयाचा. म्हणून सुतार एक खोबण किंचित वर व दुसरी किंचित खालीं घेतो, किंवा दोन्ही कुसवें निम्मीं निम्मीं छाटून तीं पायाच्या पोटांत एकमेकांशेजारून जातील अशी तजवीज करतो. येथें सरस नाहीं, खिळा नाहीं. सुतळी अथवा नवार ताणून विणली म्हणजे समोरासमोरचे दांडे एकमेकांकडे ओढले जातात आणि कुसवें खोबणींत दाबून बसतात. माणूस निजला कीं हा ताण आणखी वाढतो. ज्या भारानें सांधा ढिला व्हावयाचा, तोच भार येथें त्यास आवळतो. दोरी सैल केली कीं आठही अवयव मोकळे होतात. एक पाय मोडला तर तेवढाच नवा करावयाचा. सारी बाज टाकून द्यावी लागत नाहीं.

हीच विचारसरणी घराच्या बांधणींतही आढळते. मराठी घर फुटांनीं मोजण्याआधीं खणांनीं मोजलें जाई. दोन खांबांमधील अथवा दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. घर तीन खणी कीं पांच खणी एवढें सांगितलें कीं ऐकणाऱ्यास त्याच्या विस्ताराची कल्पना येई. खणाचें माप एकदां ठरलें म्हणजे सुतारास तुळया व कड्या ठराविक लांबीच्या करून आधींच रचून ठेवतां येत. खांब दगडी उथळ्यावर उभा राही, त्याच्या माथ्याचें कुसूं वरच्या तुळईच्या खोबणींत शिरे आणि आडवी लांकडी खुंटी ठोकून तो सांधा पक्का होई. खुंटी काढली कीं तुळई उचलतां येई. म्हणूनच जुना वाडा उतरविला तरी त्यांतील सागवान वायां जात नसे. तेच खांब दुसऱ्या घरांत पुन्हा उभे राहत. मराठींत कपाटाच्या कप्प्यासही खण हाच शब्द आहे, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. घर असो वा कपाट, एका मापाचा आणि पुन्हा पुन्हा येणारा भाग तो खण. या कामास लागणारें सागवान मेळघाटच्या डोंगरांत होतें, आणि सातपुड्याच्या पायथ्याचें परतवाडा हें त्याच्या विक्रीचें मोठें ठाणें झालें.

लांकूड तोडल्यावरही स्वस्थ बसत नाहीं, हें वऱ्हाडांतील सुतारास जितकें कळे तितकें फार थोड्या प्रांतांत कळलें असेल. अकोल्यास मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो व हवा अगदीं कोरडी होते. पुढें दोनच महिन्यांत श्रावणाची ओल भिंतींत मुरते. कोरड्या हवेंत लांकूड आकसतें, दमट हवेंत फुगतें. धाग्याच्या लांबीच्या दिशेनें हा फरक नगण्य असतो. आडव्या दिशेनें तो चांगलाच जाणवतो, आणि त्यांतही वर्षवलयांना धरून होणारें आकसणें गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसण्याच्या सुमारें दुप्पट असतें. सागवानांत हा चळ पुष्कळ झाडांहून कमी, पण तोही शून्य नव्हे. म्हणून दाराच्या चौकटींतली फळी चारी बाजूंनीं खाचेंत नुसती बसवीत, तिला खिळा मारीत नसत. तिला हलावयास जागा ठेवली नाहीं तर ती स्वतः तरी चिरते, नाहीं तर चौकट तरी फोडते.

कपाशीनें भरलेली बंडी हें याच ज्ञानाचें रस्त्यावरचें उदाहरण होय. तिच्या चाकांत तुंब्यांत आरे व आऱ्यांवर पुठ्ठे नुसते खोबणींनीं बसविलेले असत. त्यांवर तापवून फुगविलेली लोखंडी धाव चढवून पाणी ओतलें कीं ती आकसे आणि सारें चाक आवळून धरी. उन्हाळ्यांत लांकूड सुकून धाव खुळखुळूं लागली म्हणजे शेतकरी चाकें पाण्यांत भिजत ठेवी. लांकूड फुगून सांधे पुन्हा घट्ट होत. हंगामांत बंडीच्या कडेच्या भोकांत खुंट्या उभ्या करून ताट्या बांधल्या कीं कपाशीची गाडी तयार होई, आणि त्या काढल्या कीं तीच गाडी इतर कामास मोकळी होई. एकाच सांगाड्यावर गरजेप्रमाणें भाग चढवावे व उतरवावे, ही कल्पना त्या शेतकऱ्यास शिकवावी लागली नव्हती.

एकोणिसाव्या शतकांत या प्रांतांत सुट्या सामानाची दुसरी एक परंपरा येऊन दाखल झाली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अडगांवची लढाई झाली व १५ डिसेंबरास वेलस्लीच्या फौजेनें गाविलगड घेतला. पुढें १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं दिलें, तें हैद्राबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठीं. त्या फौजेची एक छावणी एलिचपुरास होती. छावणीचें जिणें म्हणजे तंबू, बैल आणि उंट. तेथें सामान असें हवें कीं जें मुक्कामावर घटकाभरांत उभें राहील आणि कूच होतांच गाठोड्यांत जाईल. हिंदुस्थानांतील इंग्रज अधिकाऱ्यांसाठीं त्या काळीं दोन तुकड्यांचीं कपाटें, फिरकीनें निघणाऱ्या पायांचीं मेजें व घडीचे पलंग तयार होत. या कुळांतील सर्वांत नांवाजलेली वस्तु म्हणजे रुडकीच्या लष्करी इंजिनियरांच्या नांवानें ओळखली जाणारी खुर्ची. तिचे पाय व आडदांडे निमुळत्या गोल कुसवांनीं जोडलेले असतात. सरस मुळींच नाहीं. ताणलेलें किंतान व चामड्याचे पट्टे तिला धरून ठेवतात, आणि बसणाऱ्याच्या वजनानें सांधे आवळतात. जमीन उंचसखल असली तरी प्रत्येक पाय आपापला टेकतो. बाज व ही खुर्ची शेजारीं ठेवून पाहिल्यास एका तत्त्वाच्या या दोन आकृति आहेत हें ध्यानांत येतें. पुढें १९३३ सालीं डेन्मार्कमध्यें कोर क्लिंट या रचनाकारानें हिच्याच धर्तीवर आपली सफारी खुर्ची बेतली.

यूरोपांत मात्र सुट्या सांध्याकडे लोकांचें लक्ष गेलें तें व्यापारामुळें. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यानें १८५९ सालीं वाफेवर वांकविलेल्या बीचच्या लांकडाची १४ क्रमांकाची खुर्ची काढली. तिच्यांत लांकडाचे तुकडे सहा, स्क्रू दहा आणि चाक्या दोन. अशा ३६ खुर्च्या सुट्या करून एक घनमीटरच्या पेटाऱ्यांत मावत. खुर्ची विकावयाची ती लांकडाची, भाडें मात्र पोकळीचें भरावयाचें, ही अडचण सांध्यानें सोडविली. बंदरें आणि आगगाड्या यांच्या जाळ्यावर अशा मालाचा प्रवास सोपा झाला. वऱ्हाडांतून नागपूरपर्यंत लोहमार्ग १८६७ सालीं पोंचला आणि मूर्तिजापूर–एलिचपूर हा अरुंद मार्ग १९१३ सालीं सुरू झाला, हें येथें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. सामान दूरच्या कारखान्यांतून येऊं लागलें, आणि घरासमोर बसून सांधा बेतणारा सुतार व तो वापरणारें कुटुंब यांची फारकत होऊं लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या कारखान्यांत फळ्यांचें सामान यंत्रावर होऊं लागलें. भोकें पाडणाऱ्या यंत्रांतील बरम्यांमध्यें ३२ मिलिमीटरचें अंतर ठरलें. ५ मिलिमीटर व्यासाचीं भोकें, पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटरवर पहिली रांग, आणि एका भोकापासून दुसरें ३२ मिलिमीटरवर, हा नेम रूढ झाला. बिजागरी, खणाचे रूळ व फळीचे टेकू याच भोकांत बसूं लागले. जुन्या घरांत जें काम खणानें केलें तेंच काम येथें या ३२ मिलिमीटरांनीं केलें. सांध्यासाठीं फिरत्या चकतीची युक्ति निघाली: एका फळींत दांडी, दुसरींत चकती, चकती अर्धा वेढा फिरविली कीं ती दांडीस ओढून दोन्ही फळ्या मिळविते. हें काम घरमालकासही साधतें.

अमरावती व अकोला येथील नव्या वस्त्यांत आज असें सामान सर्रास दिसतें, आणि तेथेंच जुन्या ज्ञानाची कसोटी लागते. चकतीचा सांधा फळीच्या घट्टपणावर अवलंबून असतो. भुसा व कपच्या दाबून केलेली फळी ओल लागली कीं कडेनें फुगते, आणि एकदां फुगली कीं पूर्ववत् होत नाहीं. वऱ्हाडांत पूर्वीं उन्हाळ्यांत वाळ्याच्या ताट्या भिजवीत. आतां कूलर असतो. बाहेर कोरडी झळ आणि घरांत पाण्याचा दमट वारा अशा दोन्ही टोकांत हें सामान उभें असतें. भोकांची पकड सैल झाली कीं दार लोंबतें, आणि दोनतीन वेळां सोडून जुळविलेलें कपाट पुन्हा सरळ उभें राहत नाहीं. बदलीच्या नोकरीतल्या कुटुंबानें ज्या सोयीसाठीं तें घेतलें, तीच सोय पहिल्या दुसऱ्या मुक्कामांत संपते. अशा वेळीं सुतार बोलावला तरी तो काय करणार? त्याच्या पटाशीस धरावयास तेथें धागाच नसतो.

यांत दोष सुट्या सांध्याचा नाहीं. सांधा बेततांना जुने नियम वगळल्याचा आहे. ते नियम थोडे व साधे आहेत. भार खोबणीच्या खांद्यावर किंवा टेकूवर पडावा, नुसत्या स्क्रूवर पडूं नये. लांकडास वा फळीस हलावयास जागा असावी व कडा ओलीपासून झांकलेल्या असाव्या. माप एकच असावें, म्हणजे एका कपाटाचा भाग दुसऱ्यास चालेल. आणि सांध्यांत झिजावयाचें तें स्वस्त व बदलतां येण्याजोगें असावें. बाजेंत ती दोरी होती, तुळईंत ती खुंटी होती. चकतीच्या सांध्यांत मात्र झिजते ती फळीच, आणि फळी गेली कीं कपाट गेलें. भोकांत धातूची वा कठीण लांकडाची बुची बसवून स्क्रू तिच्यांत घेतला तर हा दोष पुष्कळ कमी होतो. पण तेवढी खबरदारी विकणारा क्वचितच घेतो व घेणाराही क्वचितच मागतो.

म्हणून नवें कपाट घरीं आणतांना लांकडाचा रंग व पृष्ठभागाची चकाकी पाहून भागणार नाहीं. तें किती वेळां सोडून पुन्हा जुळवितां येईल, आणि त्याचा एक भाग गेला तर तेवढाच मिळेल काय, हे दोन प्रश्न दुकानदारास विचारणें अगत्याचें आहे. अंगणांतल्या बाजेनें या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें फार पूर्वींच देऊन ठेविलीं आहेत.