गेरूचा ठिपका

रोमच्या आग्नेयेला, अल्बाच्या टेकड्यांत, एका झऱ्याकाठी तुम्ही उकिडवे बसला आहात. साल इसवी सन ६०च्या आसपासचे, गादीवर नीरो. उन्हं अजून कोवळी आहेत. मधमाश्यांचा माग काढायला सकाळच बरी, शोधायला सगळा दिवस हाताशी राहतो. शेजारचा मधपाळ मळेवाल्याचा गुलाम आहे. तो जे करतो ते कोलुमेला याच सुमारास आपल्या शेतीग्रंथाच्या नवव्या खंडात लिहितो आहे. शिकला असेल तो अशाच कुणाकडून.

आधी पाण्यावर किती माश्या येतात ते पाहा. दोन-चारच असतील तर उठा, दुसरे पाणी शोधा. इथे झुंबड आहे. पातळ गेरूत बुडवलेली काडी तो तुमच्या हाती देतो. माशी पाणी पीत असतानाच पाठीवर हलकेच टेकवायची. टेकवलीत? आता थांबा. नजर मनगटाकडे जाते, घड्याळ कुठले? माशी लवकर परतली तर मोहोळ जवळ, उशिरा आली तर लांब. दगडाची सावली बरीच सरकते, तेव्हा कुठे लाल ठिपका पुन्हा पाण्यावर उतरतो.

लांब आहे तर. मग बोरूचे कांडे निघते: दोन्ही टोकांना पेर, बाजूला भोक, आत थोडा मध नाहीतर काकवीसारखा आटवलेला द्राक्षरस. वासाने माश्या आत शिरल्या की भोकावर अंगठा दाबायचा. एकच सोडा. ती पोट भरून थेट घराची वाट धरते, आणि तुम्ही काट्याकुट्यांतून मान वर करून धावता. दिसेनाशी झाली की तिथूनच दुसरी सोडा. मग तिसरी. एखादी भलतीकडे वळली तर ती दुसऱ्या मोहोळाची समजा.

मोहोळ ओकच्या ढोलीत निघते. कपारीत असते तर धुराने हुसकावून, पितळ वाजवून माश्या झुडपावर बसवल्या असत्या. (त्या वाजवण्याने काही होते का, मला शंकाच आहे.) इथे तो धारदार करवत काढतो. तुमचे बोट मधासाठी शिवशिवते; तो मान हलवतो. मोहोळ जिवंत नेले तर मध दरसाल मळ्यातच. आतल्या राणीला तो ‘राजा’ म्हणतो, सुधारायला जाऊ नका. आधी ढोलीच्या वर कापा, मग खाली. स्वच्छ कापडात गुंडाळा, फटी लिंपा.

आता दुसरे टोक धरा, ओंडका जड आहे.