लष्कराकडून मालमत्तेचे नुकसान : भरपाई कोणाकडे मागावी?

लष्करी ट्रकच्या धडकेने घराचे कुंपण कोसळले, तर दाद कोणाविरुद्ध मागावयाची? राज्यघटनेच्या ३००व्या कलमानुसार दावा लष्कराविरुद्ध नव्हे, तर 'भारत संघराज्या'विरुद्ध दाखल होतो. दिवाणी दाव्यापूर्वी सामान्यतः दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. वाहन अपघातात मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा मार्ग खुला असतो.

खरा वाद 'सार्वभौम कार्या'चा. त्याचे मूळ १८६१ मधील एका घोड्यात आहे. कोलकात्यातील सरकारी गोदीच्या कामगारांच्या हातून लोखंडाचा तुकडा पडला, त्या आवाजाने पी. अँड ओ. कंपनीच्या गाडीचा घोडा बिथरून जखमी झाला. खासगी व्यक्तीही करू शकेल अशा कामात सरकार जबाबदार, असे न्यायालयाने ठरविले. या कसोटीचा वापर पुढे एकसारखा झाला नाही. तोफखान्याच्या शाळेकडे यंत्र नेणाऱ्या लष्करी ट्रकने सायकलस्वाराचा बळी घेतला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने सार्वभौमत्वाचा बचाव फेटाळला. उलट, कर्तव्यावरील जवानांच्या तपासणीसाठी निघालेल्या ट्रकबाबत पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने तो मान्य केला. ट्रक कोठे निघाला होता, याची चौकशी नुकसानग्रस्ताने करावी, हे विचित्रच! सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मधील नागेंद्र राव प्रकरणात या संरक्षणाची व्याप्ती बरीच आकुंचित केली. परंतु देशसंरक्षण त्यातून वगळले गेलेले नाही.

युद्धसराव व गोळीबाराच्या सरावासाठी १९३८चा स्वतंत्र कायदा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील के. के. रेंज परिसरातील गावांना तो परिचित आहे. अधिसूचित क्षेत्रात पिकाचे वा घराचे नुकसान झाल्यास निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. महसूल अधिकारी जागेवर पाहणी करून संरक्षण खात्याच्या निधीतून भरपाई ठरवितो. ती अपुरी वाटल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाकडे अपील करता येते. आयोगाचा निर्णय अंतिम असून त्यानंतर दिवाणी दावा चालत नाही. त्यामुळे पंचनाम्याच्या वेळी शेतकऱ्याने स्वतः हजर राहणे हिताचे.

'अफ्स्पा' लागू असलेल्या भागात केंद्राच्या पूर्वमंजुरीविना जवानांवर खटला वा दावा दाखल होऊ शकत नाही.

प्रत्यक्ष युद्धातील विध्वंसाचे काय? १९४२ मध्ये जपानी सैन्याच्या हाती पडू नयेत म्हणून ब्रिटिशांनी ब्रह्मदेशातील तेलप्रकल्प स्वतःच उद्ध्वस्त केले. बर्मा ऑइल कंपनीला भरपाई मागता येते, असा निर्णय १९६४ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने दिला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने पूर्वलक्षी कायदा करून तो हक्क काढून घेतला.